भाकरी सोडू नका, शेंगांचा हिशोब धरा: सोलापूरच्या ताटातला कमी कॅलरीचा आहार

सोलापुरात वजन कमी करायचं ठरलं की पहिली गदा भाकरीवर येते. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण २०० कॅलरी. तिच्याबरोबर दोन मोठे चमचे शेंगा (शेंगदाणा) चटणी, म्हणजे ३० ग्रॅम घेतली तर १६०, आणि चटणीवर एक मोठा चमचा तेल ओतलं तर आणखी १२०. भाकरी २००, तोंडीलावणं २८०. तरीही सोडली जाते ती भाकरी. मग चार वाजता पोटात कावळे ओरडतात आणि मूठभर भाजक्या शेंगा 'काही नाही, तेवढंच' म्हणून तोंडात जातात. त्यातही दीडशे कॅलरी गेल्या.

कमी कॅलरीचा आहार नीट करायचा तर आधी हा हिशोब जागेवर आणावा लागतो. शिवाय खाणं कमी झालं की शरीर गप्प बसत नाही, आपल्या परीने उत्तर देतं. ते उत्तर कसं असतं हे माहीत नसलं की तिसऱ्या आठवड्यात माणूस एक तर सगळं सोडतो, नाही तर आणखी कमी खातो. दुसरं जास्त वाईट.

आधी ठरवा, हे तुमच्यासाठी आहे का

उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि किलोतल्या वजनाला त्याने भागा. येईल तो तुमचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर आकडा २३ च्या आसपास असला तरी लक्ष घालायला हवं. पण आकडा २३ च्या खाली, घेर बेतात आणि तरी लग्नाआधी पाच किलो उतरवायचे असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी, टीबीचे उपचार चालू असलेल्यांनी, टाइप १ मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि खाण्याशी ज्यांचं पूर्वी मानसिक वैर झालं आहे अशांनी स्वतःच्या मनाने कॅलरी कमी करू नयेत. पासष्टीच्या पुढच्यांनीही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, कारण त्या वयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर आनंद मानण्याआधी तपासणी करा.

बाकीच्यांनी सुरू करण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्यावा आणि हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, युरिक अॅसिड आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. थायरॉइड कमी असल्याचं कळलं नसेल तर तीन महिने कमी खाऊनही काटा हलत नाही आणि दोष उगाच जिभेला दिला जातो.

गोळ्या चालू असतील तर हे पहिल्या दिवसाआधी

हा भाग मधुमेही आणि रक्तदाबवाल्यांनी दोनदा वाचावा. खाणं कमी केलं आणि गोळी तेवढीच ठेवली, तर गोळी जास्त होते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. भाकरी-भात फार कमी केला तर त्यांच्यामुळे रक्तात आम्लता वाढू शकते, आणि त्या वेळी मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप असं एकत्र आलं तर घरी थांबू नका. रक्तदाबाच्या गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कुठली गोळी किती कमी करायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. स्वतः बंद करू नका.

हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं सुन्न होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मीटर जवळ नसेल पण लक्षणं असतील, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शेंगा चिक्की किंवा शेंगा पोळी या कामाला चालत नाही, कारण शेंगांच्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पायरी १: आपली गरज काढा

मोबाइलवर सगळ्यांना एकच आकडा सांगितला जातो: १२००. तो कुणाला कसा बसतो ते पाहू.

पडून राहिलं तरी शरीराला जी ऊर्जा लागते ती काढायला १९९० पासून मिफ्लिन-सेंट जिओर हे समीकरण वापरतात. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. येईल त्या आकड्याला बैठ्या कामासाठी १.२, घरकाम आणि थोडं चालणं असेल तर १.३७५, दिवसभर उभं राहून अंगमेहनत असेल तर १.५५ ने गुणायचं. आपल्याकडे हे उत्तर थोडं जास्त येतं, म्हणून पाच टक्के कमी धरा.

घरी बसून विड्या वळणारी, वर घरचं सगळं करणारी बाई. वय ३८, उंची १५५, वजन ७२. तिचा पहिला आकडा १३४० च्या आसपास, गुणून आणि पाच टक्के काढून रोजची गरज साधारण १७५०. यंत्रमागावर उभा राहणारा माणूस, वय ४५, उंची १६८, वजन ८४. त्याची गरज २४५० च्या घरात. दोघांनीही १२०० चा आहार धरला तर बाईंची तूट ५५० ची होते, ती झेपण्यासारखी आहे. मागवाल्याची तूट १२५० ची होते. तो चार दिवसांत चिडचिडा होईल, आठव्या दिवशी मागावर चक्कर येईल आणि चालत्या यंत्राजवळ चक्कर येणं म्हणजे काय, हे त्या पेठांत कुणाला सांगायला नको.

म्हणून आकडा उधार घेऊ नका, तूट ठरवा: गरजेपेक्षा ४०० ते ६०० कमी. बाईंनी १२५० ते १३००, त्या माणसाने १८५० ते १९००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं की लोह, कॅल्शियम, बी१२ हे साध्या जेवणातून पुरवणं जवळपास अशक्य होतं.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला कागदावर ४५० ग्रॅम. प्रत्यक्षात पुढे पुढे त्याहून कमी उतरतं. ते का, ते पुढे येईल.

पायरी २: भाकरी नव्हे, पीठ मोजा

पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. भाकरी तोलू नका. कडक भाकरी हातात हलकी लागते म्हणून लोक तीन खातात, पण वाळली ती फक्त पाण्याने. पीठ तेवढंच आहे. तेव्हा पिठाचा डबा भाकऱ्यांआधी तोला, भाकऱ्या झाल्यावर पुन्हा तोला. जो फरक येईल त्याला भाकऱ्यांच्या संख्येने भागा. यात थापताना परातीत पसरलेलं कोरडं पीठही आपोआप धरलं जातं, जे अंदाजात नेहमी सुटतं. आपल्याकडची ऐसपैस भाकरी कधी कधी ८० ते ९० ग्रॅमची निघते, म्हणजे २७० ते ३०० कॅलरी. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅमला ३४० च्या आसपास धरा, मालदांडी असो वा दुसरी.

हीच युक्ती तेलाला. एका माणसाला दिवसाला तीन छोटे चमचे, म्हणजे १५ मिली. छोट्या चमच्याला ४० कॅलरी. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल पोटात जातंय, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूट शोधायला दुसरीकडे जायची गरजच नाही. ज्याला कमी करायचं आहे त्याची भाजी फोडणीआधी वेगळी काढणं रोज जमत नाही आणि घरात कुरबुरही होते. त्यापेक्षा सगळ्यांचीच फोडणी हलकी करा आणि बाकीच्यांनी ताटात वरून तेल किंवा तूप घ्यावं. रश्शावरचा तवंग डावाने बाजूला सारून खालचं कालवण घ्या.

शेंगांचा कूट आमटीत किती पडतो तेही एकदा तोलून बघा. कूट घातला की आमटी दाट होते आणि डाळ कमी लागते, ही सवय इथल्या प्रत्येक घरात आहे. २५ ग्रॅम कूट म्हणजे सव्वाशेच्या वर कॅलरी. कूट बंद करा असं कोणी म्हणणार नाही, शेंगा सोलापुरात बंद होत नसतात. पण दिवसाला एकूण १५ ग्रॅम शेंगा ही मर्यादा धरा, मग त्या चटणीत घ्या, कुटात घ्या की भाजून खा. चटणीवर तेलाऐवजी घट्ट दही घेतलं तर चव राहते आणि शंभर कॅलरी वाचतात.

चहाचं गणित छोटं असलं तरी रोजचं असतं. म्हशीचं दूध निम्मं आणि साखर दोन चमचे, असा भरपूर कप नव्वदच्या पुढे जातो. असे चार म्हणजे एक जेवण.

पायरी ३: प्रथिनं आधी बसवा

कॅलरी कमी झाल्या की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबी नसतो. तो कमी करायचे उपाय दोनच, पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंना काम. आपल्या उंचीला शोभेल त्या वजनाच्या (निर्देशांक २३ धरून) दर किलोला १.२ ग्रॅम प्रथिनं घ्या. वरच्या बाईंचं तसं वजन ५५ किलो, म्हणजे रोज ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

ताट भाकरीपासून नव्हे, प्रथिनांपासून रचायला लागा. अंडं एक, ६ ग्रॅम आणि ७० ते ७५ कॅलरी. मटकी ४० ग्रॅम (मोड येण्याआधीचं वजन), साडेनऊ ग्रॅम आणि १३०. तूरडाळ ३० ग्रॅम कच्ची, साडेसहा आणि १००. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम सुक्या, १५ ग्रॅम आणि १००. कोंबडीचं छातीचं मांस १०० ग्रॅम कच्चं, २२ आणि १२०. पनीर १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम खरे, पण कॅलरी २६० च्या पुढे, त्यामुळे त्याला प्रथिनांचा राजा समजू नका. शेंगांत प्रथिनं भरपूर असतात हेही खरं; पण त्यांच्या कॅलरींतल्या दोन तृतीयांशांहून अधिक तेलाच्या आहेत. शेंगांवर ६६ ग्रॅम गाठायचे तर त्यातच दिवस संपेल.

१३०० कॅलरीचा एक दिवस असा बसतो. सकाळी गाईच्या दुधाचा बिनसाखरेचा चहा. न्याहारीला दोन उकडलेली अंडी आणि ४० ग्रॅम पिठाची भाकरी. अंडी चालत नसतील तर ४० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं एक छोटा चमचा तेलात आणि वाटीभर दही. दुपारी ६० ग्रॅम पिठाची भाकरी, ४० ग्रॅम मटकीची उसळ, तांदुळजा किंवा मेथीची भाजी, दोन्हींत मिळून दोन छोटे चमचे तेल, कांदा-काकडी हवी तेवढी, आणि १०० ग्रॅम दह्याचं मोठा पेला पातळ ताक. चारच्या सुमारास २० ग्रॅम फुटाणे आणि पुन्हा तसाच चहा. रात्री सोयावड्यांचं कालवण एक छोटा चमचा तेलात, ४० ग्रॅम पिठाची भाकरी, आणि छोटा चमचाभर शेंगा चटणी. बेरीज १२८० च्या आसपास, प्रथिनं ६५ च्या जवळपास. भाकरी तीनही वेळा आहे, हे पाहिलंत ना?

फळ हवं असेल तर फुटाण्यांऐवजी एक पेरू, किंवा डाळिंबाचे १०० ग्रॅम दाणे, साधारण ८० कॅलरी. रस नको. दोन डाळिंबांचा रस एका घोटात संपतो, दोन डाळिंबं सोलून खायला अर्धा तास लागतो.

मागावर काम करणाऱ्याने याच रचनेत भाकरी दुप्पट करावी, डाळ-उसळ वाढवावी. पाळी रात्रीची असेल तर मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी घ्यावं, मध्यरात्री डब्यात ताक-फुटाणे किंवा अंडी ठेवावीत. रात्रपाळीत भूक आणि झोप यांची गल्लत होऊन वडापाव आणि गोड चहा यांवर हात जातो.

शरीर काय उत्तर देतं

पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, कुणाचा दोन किलोही. ती चरबी नसते. यकृत आणि स्नायूंत साखरेचा चार-पाचशे ग्रॅमचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा वापरला जातो, पाणी लघवीतून जातं, सोबत मीठही. डोकं दुखणं, अंग गळणं, उठताना गरगरणं हे त्यामुळे. दोन पेले मीठ घातलेलं ताक किंवा एक वाटी डाळीचं पाणी बहुतेकदा पुरतं. रक्तदाब किंवा हृदयाचे आजार असलेल्यांनी मात्र मीठ स्वतःहून वाढवू नये. सोलापूरचा एप्रिल-मे हा आहार सुरू करायचा काळ नव्हे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत घामावाटे आधीच पाणी आणि मीठ जातं. त्यात ही भर पडली की उष्माघाताला निमंत्रण. पावसाळा सुरू झाल्यावर किंवा दिवाळीनंतर सुरू करा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो, आणि इथेच बरेच जण सोडतात. पाणी जायचं ते गेलं, आता चरबीचा खरा हिशोब चालू झाला. याच काळात माणूस नकळत कमी हलतो. जिना टाळतो, हाक मारून पाणी मागवतो, बसल्या बसल्या पाय हलवायचा तोही हलवत नाही. शरीर अशी शे-दोनशे कॅलरींची बचत गुपचूप करतं. पावलं मोजणारं घड्याळ किंवा फोन असेल तर आहाराआधीच्या आठवड्याची सरासरी लिहून ठेवा आणि त्याखाली जाऊ देऊ नका. सिद्धेश्वर तलावाभोवतीचा सकाळचा फेरा यासाठी उत्तम, पण फेरा मारून दिवसभर लोळायचं असेल तर उपयोग शून्य.

बद्धकोष्ठ होतं ते भाकरी आणि डाळी एकदम तोडणाऱ्यांना. वरच्या ताटात तो प्रश्न सहसा येत नाही. आलाच तर रात्री दोन छोटे चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात, आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलानेच कोठा अडतो.

पुढच्या महिन्यांत थायरॉइडचा टी३ हा हार्मोन थोडा उतरतो, अंगाला थंडी जास्त वाजते, नाडी संथ होते. तूट बेताची असेल तर हे सौम्य राहतं. तूट मोठी असेल तर पाळी लांबते किंवा बंद होते, आणि ती बंद राहिली की हाडं झिजायला लागतात. केस गळतात ते लगेच नाही. शरीराला धक्का बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस आहार विसरून शाम्पू बदलत असतो. प्रथिनं आणि लोह भरून काढलं तर केस बहुधा सहा महिन्यांत परत येतात.

पित्ताशयाचं सांगणं महत्त्वाचं आहे. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं तर पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून खडे धरतात. म्हणून 'पूर्ण बिनतेलाचं' हा पराक्रम करू नका. दिवसातल्या एका तरी जेवणात दोन छोटे चमचे तेल एकत्र असू द्या. युरिक अॅसिडही वेगाने वजन उतरताना वाढतं. ज्यांना आधी पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजण्याचा त्रास झालाय त्यांनी जपून राहावं.

फार कमी खाल्ल्याने मनाचं काय होतं, हे अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी पाहिलं. ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन पाव हिश्शाने घटलं. ते सतत थंडीने कुडकुडत, खिन्न असत, चिडत, दिवसभर फक्त खाण्याचं बोलत, कुणी कुणी पाककृती जमवू लागले. १५७० हा आकडा पाहा. आज कष्टाचं काम करणाऱ्या माणसालाही याहून कमी आकडा बिनधास्त लिहून दिला जातो. डोक्यात दिवसभर जेवणच घोळत असेल तर ती मनाची कमजोरी नसते, तूट फार मोठी झाल्याची खूण असते. रोजच्या आकड्यात दीडशे-दोनशे वाढवा.

८०० कॅलरींचे आहार

८०० च्या आसपासचे आहार अस्तित्वात आहेत आणि काहींना त्यांचा उपयोगही होतो. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाच्या अभ्यासात टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने ८२५ ते ८५३ कॅलरींचे तयार पेय-आहार दिले. २०१७ मध्ये निकाल आले, तेव्हा एका वर्षाने ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेबाहेर होते. दुसऱ्या वर्षी ३६ टक्के. या बातमीवरून लोक घरी काकडी आणि लिंबूपाणी सुरू करतात. त्या पेयांत प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेले होते आणि लोकांवर सतत देखरेख होती, हा भाग बातमीत राहून जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट द्रव-प्रथिनांवरच जगण्याची लाट आली होती. त्यात हृदयाचे ठोके बिघडून कितीतरी माणसं दगावली. असा आहार करायचाच तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या हाताखाली.

पायरी ४: स्नायूंना काम द्या

आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. बैठका दहा-दहाच्या तीन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठबस. जोर जमत नसतील तर ओट्याला हात टेकून. पाच लिटरची पाण्याची कॅन दोन्ही हातांत घेऊन अंगणात चाला. जुन्या तालमींनी जे शिकवलं तेवढं पुरेसं आहे, यंत्रं लागत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायकांनी तासाला एकदा उठून दहा उठबशा काढाव्यात. पाठीलाही बरं पडतं.

उपवास, हुरडा, गड्डा

साबुदाणा खिचडीची एक भरली ताटली: ७५ ग्रॅम साबुदाणा २६०, २५ ग्रॅम कूट १३५, दोन छोटे चमचे तूप ८० ते ९०. जवळपास पाचशे, आणि प्रथिनं सगळी शेंगांची. आषाढीला घरात दोन्ही वेळा हीच असेल तर उपवासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त खाल्लं जातं. भगर कॅलरीत कच्च्या साबुदाण्याइतकीच असते, पण शिजून फुगते. ४० ग्रॅममध्ये ताट भरतं. भगर, दही आणि कूट निम्मा केलेली दाण्याची आमटी असं ठेवा. पंढरपूरला पायी जाणार असाल तर त्या दिवसांत तूट ठेवूच नका. गरजेइतकं खा, परत आल्यावर पुढे चालू.

थंडीत हुरडा येतो. हुरडा स्वतः दोषी नाही. त्याच्याबरोबरच्या शेव, गूळ, रेवड्या आणि दोन-तीन चटण्यांनी घोटाळा होतो. हुरडा जेवण म्हणून खा, जेवणाआधीचा खाऊ म्हणून नको, आणि सोबत दही घ्या. संक्रांतीची शेंगा पोळी एक, तीनशेच्या आसपास. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एक दिवस मोजायचं नाही असं आधीच ठरवून टाका. एका दिवसाने काही बिघडत नाही, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्याने बिघडतं.

पायरी ५: काटा वाचायला शिका

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. एकेक आकडा वाचू नका, सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. रात्री खारं मटण झालं की सकाळी किलोभर वाढलेलं दिसतं. ते मिठाने धरलेलं पाणी. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. बेंबीच्या पातळीवर घेर पंधरा दिवसांनी एकदा.

सरासरी तीन आठवडे जागची हलली नाही, तर आकडा कमी करण्याआधी आठवडाभर पुन्हा सगळं तोला. बहुतेक वेळा तेल आणि शेंगा हळूच वर सरकलेल्या सापडतात. तिथे काही नसेल तर रोजचे १०० कमी करा किंवा चालणं अर्ध्या तासाने वाढवा, दोन्ही एकदम नको. आठ ते बारा आठवड्यांनी दोन आठवडे गरजेइतकं खाऊन विसावा घ्या.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उजव्या बरगडीखाली कळ येऊन उलट्या, डोळे पिवळे दिसणं यांपैकी काहीही झालं तर आहार थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा सिव्हिलला जा. पाळी तीन महिने आली नाही तरी दाखवा.

पायरी ६: बाहेर पडताना

कमी खाल्ल्याने भूक वाढवणारा घ्रेलिन हा हार्मोन वाढतो, पोट भरल्याचं सांगणारा लेप्टिन उतरतो. आहार संपला म्हणून हे लगेच पूर्ववत होत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. वजन परत येतं ते मुख्यतः याच काळात, आणि म्हणून सुटण्याचीही योजना लागते.

वरच्या बाई ७२ वरून ६३ किलोवर आल्या तर त्यांची गरज १७५० राहत नाही, १६३० च्या आसपास येते. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच, कारण शरीर काटकसरीला लागलेलं असतं. म्हणजे पूर्वीसारखं जेवायला लागलं की रोज सव्वाशे-दीडशे कॅलरी जास्त. १३०० वरून दर आठवड्याला शंभर वाढवत १६०० पर्यंत या. वाढवताना आधी भाकरी आणि डाळ, मग फळ, सगळ्यात शेवटी तेल आणि शेंगा. पहिल्या पंधरवड्यात काटा किलोभर वर जाईल, कारण साखरेचा साठा आणि त्याचं पाणी परत भरतंय. त्याला घाबरून पुन्हा खाली येऊ नका. तो स्थिरावल्यावर जी सरासरी येईल ती लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा वजन करणं वर्षभर चालू ठेवा, आणि त्या सरासरीपेक्षा दोन किलो वर गेलं की तीन-चार आठवडे पुन्हा तेलाची बाटली आणि पिठाचा डबा तोला.